दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा?

समजा, डिसेंबरमधल्या एका तिकिटावर लिहिलं आहे: टोकियोहून १० तारखेला संध्याकाळी ५ वाजता निघणार आणि लॉस एंजेलिसला १० तारखेलाच सकाळी १० वाजता पोहोचणार. पहिल्यांदा लांबचा प्रवास करणाऱ्याला वाटतं, तिकीट चुकीचं छापलंय. परतीच्या तिकिटावर २० तारखेला सकाळी ११ वाजता निघून २१ तारखेला दुपारी ४ वाजता पोहोचायचं असतं. घड्याळाकडे बघितलं तर जाताना उणे सात तास लागले आणि येताना एकोणतीस! तिकीट मात्र अगदी बरोबर आहे. जाताना विमान दहा तास उडतं, येताना बारा.

हा घोळ टाळायचा तर तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. दोन शहरांमधलं अंतर बदलत नाही. उड्डाणाला लागणारा वेळ वाऱ्याप्रमाणे रोज बदलतो. आणि घड्याळात दिसणारी वेळ त्या त्या देशाच्या सरकारने ठरवलेली असते, तिचा विमानाशी काही संबंध नाही. आधी अंतर, मग उड्डाणाचा वेळ आणि सगळ्यात शेवटी घड्याळ, या क्रमाने हिशेब केला तर कुठल्याही दोन शहरांचं उत्तर साध्या कॅल्क्युलेटरवर निघतं. प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला हे जमायला हवं असं मला मनापासून वाटतं. कारण इथे चूक झाली तर कुणाचं पुढचं विमान हुकतं आणि कुणाला न्यायला आलेला माणूस एक दिवस आधीच विमानतळावर येऊन उभा राहतो.

पायरी १: नेमकं कुठून, नेमकं कुठे

शहराचं नाव पुरेसं नसतं, विमानतळ ठरवा. लंडनच्या नावाने सहा विमानतळ ओळखले जातात. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन आहेत. हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटरवर. अंतराच्या गणितात या ६० किलोमीटरने काही बिघडत नाही, पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर सगळा बेत कोसळू शकतो.

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो, तोही तपासून घ्या. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातही आहे, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी कॅनडातल्या सिडनीत उतरल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत.

पायरी २: अंतर

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायचा मोह होतो. तो आवरा. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना अंतरं ताणली जातात, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका ताण वाढतो. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृथ्वी कापली की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते बृहद्वृत्त.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातलं सिडनी आणि चिलीची राजधानी सँटियागो. दोन्ही शहरं दक्षिण गोलार्धात, जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर, ३३ ते ३४ अंशांच्या दरम्यान आहेत. नकाशा सांगतो की पॅसिफिकवरून नाकासमोर पूर्वेला जा. तसं गेलं तर सुमारे १२,८०० किलोमीटर पडतात. बृहद्वृत्तावरून हेच अंतर सुमारे ११,३५० किलोमीटर आहे, म्हणजे जवळपास १,४५० किलोमीटर कमी. तो मार्ग मध्यावर ६२ अंश दक्षिणेच्या जवळ पोहोचतो, म्हणजे अंटार्क्टिकाच्या दिशेने बराच खाली. सपाट नकाशावर हा भलामोठा वळसा दिसतो आणि प्रत्यक्षात तोच सरळ रस्ता असतो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, मार्ग आपोआप दिसेल. दोऱ्याची लांबी आणि गोलाचा घेर यांच्या गुणोत्तराला ४०,००० किलोमीटरने गुणलं की कामचलाऊ अंतरही हाती येतं.

आकडा नेमका हवा असेल तर गणित करू. टोकियो ३५.६८ अंश उत्तर आणि १३९.६९ अंश पूर्व. लॉस एंजेलिस ३४.०५ अंश उत्तर आणि ११८.२४ अंश पश्चिम.

आधी रेखांशांतला फरक काढा. एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून बेरीज: २५७.९३. हा १८० पेक्षा जास्त आला, म्हणजे आपण लांबच्या बाजूने मोजलं. ३६० मधून वजा करा, १०२.०७ उरले.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.५८३ गुणिले ०.५६०, म्हणजे ०.३२६५. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.८१२ गुणिले ०.८२९ गुणिले उणे ०.२०९, म्हणजे उणे ०.१४०७. दोन्हींची बेरीज साधारण ०.१८६. ज्या कोनाचा कोसाइन ०.१८६ आहे तो कोन ७९.३ अंश. पृथ्वीच्या बृहद्वृत्तावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की ८,८१५ किलोमीटरच्या आसपास अंतर येतं.

कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवलाय ना, ते आधी बघा. तो रेडियनवर राहिला तर उत्तर भलतंच येतं. दक्षिण अक्षांश असेल तर आकड्याआधी उणे चिन्ह घाला. दोन शहरं फार जवळ असतील तर या सूत्रात बारीक चुका वाढतात, पण आपला विषय दूरच्या शहरांचा आहे, तिथे ते चोख चालतं.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांकडे ६,३५७. त्यामुळे गोल धरून केलेल्या हिशेबात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. प्रवास आखण्यासाठी तो सोडून द्या. विमान ११ किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून अंतर वाढत असेल ही शंकाही बऱ्याच जणांना येते. वाढतं, पण दहा हजार किलोमीटरमागे जेमतेम १७ किलोमीटर.

गणित नको असेल तर ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन कोड टाकले की अंतर आणि मार्ग दोन्ही दिसतात. तरी एकदा हाताने करून बघाच, म्हणजे संकेतस्थळाचा आकडा कुठून आला ते कळतं. एककही बघून घ्या. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तर रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. नुसतं "मैल" वाचून पुढे गेलात तर उत्तर पंधरा टक्क्यांनी चुकू शकतं.

पडताळा हवाच असेल तर एक मर्यादा लक्षात ठेवा. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. उत्तर त्याहून मोठं आलं तर कुठेतरी चुकलंय.

पायरी ३: वारा नाही असं धरून वेळ

लांब पल्ल्याची जेट विमानं, म्हणजे बोईंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारखी, ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के वेगाने उडतात. ११ किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेगच ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. म्हणून विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरायचा. बोईंग ७३७ किंवा एअरबस ए३२० असेल तर ८३० धरा. पंख्याच्या छोट्या विमानांना ५००.

अंतराला वेगाने भागा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत सरकत जावं लागतं, उतरल्यावर टर्मिनलच्या दाराशी लागायला वेळ जातो, त्या सगळ्याची ही ४० मिनिटं. विमान कंपनीच्या वेळापत्रकातला वेळही दारापासून दारापर्यंतचाच असतो, नुसता हवेतला नसतो. मोठ्या, गर्दीच्या विमानतळांवर ही भर तासाभराची करा.

टोकियो–लॉस एंजेलिस: ८,८१५ भागिले ९०० म्हणजे ९ तास ४८ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे साडेदहा तास. खरी वेळापत्रकं जाताना सुमारे १० आणि येताना साडेअकरा ते १२ तास दाखवतात. हा फरक वाऱ्याचा.

पायरी ४: वारा

"पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला शहर स्वतःच समोर येऊन भेटतं, तेव्हा ते लवकर पोहोचायला हवं." हा तर्क फार ठिकाणी ऐकू येतो आणि तो पूर्ण चुकीचा आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. मध्य अक्षांशांत पश्चिमेला जाणारी विमानं उलट उशिराच पोहोचतात, आणि त्याला कारण आहे जेट स्ट्रीम.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, दोन्ही गोलार्धांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे अरुंद आणि वेगवान वारे आहेत. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानातल्या फरकातून ते तयार होतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून वारेही जोर धरतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग नेहमीचाच, कधी तो तीनशेच्याही वर जातो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली होती. जगाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानवरून उंच उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्यांचा तडाखा प्रत्यक्ष बसला.

प्रवाहात जाणाऱ्या होडीसारखाच हा हिशेब: वारा पाठीशी असेल तर त्याचा वेग मिळवा, समोरून असेल तर वजा करा. लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके हे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. सगळ्या वाटेवर सरासरी ८० किलोमीटरचा वारा धरू. न्यूयॉर्कहून लंडनला येताना ५,५४० भागिले ९८०, म्हणजे ५ तास ४० मिनिटं, अधिक ४० मिनिटं, म्हणजे ६ तास २० मिनिटं. उलट दिशेला ५,५४० भागिले ८२०, म्हणजे ६ तास ४५ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे जवळपास साडेसात तास. प्रत्यक्षातले आकडे याच्या आसपासच असतात.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. जाताना गमावलेलं येताना भरून निघेल असं वाटतं, पण ते पूर्ण निघत नाही. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं आणि पाठीच्या वाऱ्यात कमी वेळ राहतं, म्हणून वाऱ्यातली जा-ये निवांत हवेतल्या जा-येपेक्षा नेहमीच लांबते.

वारा काय करू शकतो त्याचा पुरावा फेब्रुवारी २०२० मध्ये मिळाला. किआरा वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी ते स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, झालं नाही, कारण आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत त्याचा वेग नेहमीचाच होता.

म्हणूनच वैमानिक नेहमी सगळ्यात लहान रस्ता धरत नाहीत. सगळ्यात कमी वेळाचा धरतात. उत्तर अटलांटिकवर वाऱ्याचा अंदाज बघून रोज नवे मार्ग आखले जातात, पश्चिमेला जाणाऱ्यांचे वेगळे आणि पूर्वेला जाणाऱ्यांचे वेगळे.

नवख्या माणसाने किती वारा धरावा? मध्य अक्षांशांत पूर्व-पश्चिम प्रवास असेल तर ८० ते १००. उत्तर-दक्षिण प्रवास असेल किंवा विषुववृत्ताजवळचा असेल तर शून्य धरा, फारसं चुकत नाही.

पायरी ५: रस्ता कुठे वाकतो

गणिताने आलेल्या वेळेपेक्षा वेळापत्रकातला वेळ दीड-दोन तासांनी जास्त दिसला तर गणितावर शंका घेण्याआधी नकाशा बघा. वाटेत काहीतरी टाळावं लागत असतं.

बंद आकाश हे सगळ्यात मोठं कारण. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी ते टोकियो हे उड्डाण त्याआधी साधारण साडेनऊ तासांचं होतं, ते १३ तासांच्या आसपास गेलं. फिनएअरची विमानं उत्तर ध्रुवावरून वळसा घालू लागली. शहरं जागेवरच आहेत, अंतर तेवढंच आहे, वेळ मात्र साडेतीन तासांनी वाढला.

दुसरं कारण इंजिनांचं. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तर उरलेल्यावर ठरावीक वेळात कुठल्या तरी विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. अमेरिकेत पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली, आणि आज काही विमानांना पाच तासांपेक्षा जास्त मुभा आहे. दक्षिण महासागरावर, जिथे हजारो किलोमीटर विमानतळच नाही, तिथे ही मर्यादा अजूनही मार्ग वाकवते.

तिबेटचं पठारही विमानं शक्यतो टाळतात. केबिनमधला दाब गेला तर विमानाला लवकर साधारण ३,००० मीटरवर उतरावं लागतं, आणि तिथे जमीनच ४,५०० मीटरवर आहे.

पायरी ६: मधला थांबा

आधी "डायरेक्ट" आणि "नॉनस्टॉप" यांतला फरक. नॉनस्टॉप विमान मध्ये कुठेही उतरत नाही. डायरेक्ट विमान मध्ये उतरू शकतं, फक्त फ्लाइट नंबर तोच राहतो.

थांबा असेल तर दोन्ही टप्प्यांचं अंतर वेगवेगळं काढून बेरीज करा. हीथ्रो ते सिडनी हे बृहद्वृत्तावरचं अंतर सुमारे १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,९०० अधिक ६,३००, म्हणजे १७,२००, वळसा जवळपास नाहीच. दुबईमार्गे साधारण १७,५५०. लॉस एंजेलिसमार्गे २०,८०० च्या वर. तिकीट स्वस्त दिसलं की हा हिशेब जरूर करा. चार हजार किलोमीटरचा वळसा म्हणजे हवेतलेच चार-साडेचार तास.

प्रत्येक टप्प्याला ४० मिनिटांची भर वेगळी मिळवा, मग थांब्याचा वेळ. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत, असं मी आग्रहाने सांगेन. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढच्या विमानाची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही. सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागू शकतो आणि प्रवेशासाठी व्हिसा. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन पार करावं लागतं, तिथे दोन तासांचा थांबा मला कमी वाटतो.

पायरी ७: घड्याळ

इथे एकच रीत वापरा: सगळं आधी यूटीसीमध्ये आणा. यूटीसी ही जगाची सामायिक प्रमाणवेळ.

टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे आहे. संध्याकाळचे ५ म्हणजे १७:००, त्यातून ९ वजा, यूटीसी ०८:००. उड्डाण १० तासांचं, म्हणून यूटीसी १८:००. लॉस एंजेलिस हिवाळ्यात यूटीसीच्या ८ तास मागे, म्हणून सकाळचे १०:००, तारीख तीच. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, पण तिचा वेगळा विचार करावाच लागला नाही, यूटीसीने ते काम परस्पर केलं.

उलटही करता येतं. तिकिटावरच्या दोन्ही वेळा यूटीसीत बदलून वजाबाकी केली की खरा प्रवासवेळ निघतो. परतीच्या तिकिटावर २० तारखेचे ११:०० अधिक ८, म्हणजे यूटीसी १९:००. पोहोचणं २१ तारखेला १६:०० उणे ९, म्हणजे यूटीसी ०७:००. मध्ये १२ तास. वेळेशेजारी "+१" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोहोचणार.

सगळे देश पूर्ण तासांनी मागे-पुढे नसतात. भारत साडेपाच तास पुढे आहे, नेपाळ पावणेसहा. चीन इतका रुंद असून सगळीकडे यूटीसी अधिक ८ हीच वेळ पाळतो.

आणि उन्हाळी वेळ. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक वर्षभर ५ तासांचा असला तरी मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा आठवडाभर तो ४ तासांचा होतो. सिडनी दक्षिण गोलार्धात, तिथला उन्हाळा उलटा, म्हणून लंडन आणि सिडनीत कधी ९, कधी १०, कधी ११ तासांचा फरक असतो. फरक पाठ करू नका, प्रवासाच्या तारखेचा बघा, आणि जाण्याचा व परतीचा वेगवेगळा बघा.

पायरी ८: पडताळा आणि बाकीचे तास

हिशेब झाला की फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर तोच फ्लाइट नंबर टाका आणि मागच्या आठवड्यातली उड्डाणं प्रत्यक्ष किती वेळात झाली ते बघा. वेळापत्रकात कंपन्या थोडी सूट ठेवतात, म्हणून विमान वेळेआधी पोहोचलेलं बऱ्याचदा दिसेल. तुमचा आकडा त्या उड्डाणांपासून अर्ध्या तासाच्या आत असेल तर गणित उत्तम जमलं.

शेवटी घरापासूनचे तास धरा: विमानतळापर्यंतचा रस्ता, आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधीचे तीन तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाचा तास-दीड तास, मग शहरापर्यंतचा रस्ता. न्यायला येणाऱ्याला निरोप पाठवताना पोहोचण्याची तारीख, वार आणि वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे लिहा, विमानतळाचं आणि टर्मिनलचं नाव लिहा, आणि फ्लाइट नंबरही द्या, म्हणजे वाऱ्याने वेळ बदलली तरी त्यांना ती स्वतःच बघता येईल.